साहस आणि परतीची वाट

नागपूरच्या माणसाची आणि बर्फाची ओळख उन्हाळ्यांतली. वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकूं लागला म्हणजे सरबताच्या पेल्यांत तरंगणारा बर्फ त्यास आठवतो, आणि तो सुखाची वस्तु म्हणूनच आठवतो. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं एखाद्या हिंवाळ्यांत दंव गोठतें, त्याची बातमी वर्तमानपत्रांत वाचून आपण नवल करतों आणि पान उलटतों. रस्त्यावर पसरलेला, चाक घसरविणारा, माणसाचा जीव घेणारा बर्फ ही कल्पना आपल्याकडे पुस्तकांतूनच येते. असें असूनहि बर्फाळ रस्त्यावर मोटारसायकल चालवावी कीं नाहीं, या प्रश्नानें एका हिंवाळ्यांत माझ्या घरीं ठाण मांडलें. आणि त्यांतून जो दुसरा, अधिक अवघड प्रश्न निघाला, त्याचा उलगडा माझ्या मनाशीं अजूनहि पुरता झालेला नाहीं. तो वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

२०१८ सालच्या डिसेंबरांतील ही गोष्ट. त्या महिन्याच्या २९ तारखेस नागपूरचें किमान तपमान ३.५ अंशांवर उतरलें, आणि ७ जानेवारी १९३७ रोजीं नोंदलेला ३.९ अंशांचा नीचांक जवळजवळ ब्याऐंशी वर्षांनीं मागें पडला. चौकाचौकांत शेकोट्या पेटल्या होत्या. त्याच आठवड्यांत माझा भाचा माझ्याकडे आला. वय चोवीस, नोकरी लागून दोन वर्षें झालेलीं, स्वतःच्या कमाईनें घेतलेली मोटारसायकल फाटकापाशीं उभी. आमच्या शहरावरून जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग एका टोकास कन्याकुमारीस आणि दुसऱ्या टोकास श्रीनगरास भिडतो. तेव्हां नागपूरच्या तरुणास हिमालय आपल्याच रस्त्यावर आहे असें वाटलें, तर त्यांत आश्चर्य नाहीं. तीन मित्रांसह जानेवारींत शिमला, किन्नौर, नाको या मार्गानें स्पितीच्या खोऱ्यांतील काझा गांवीं जावयाचें, असा त्याचा बेत होता. काझा समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून उंच. जानेवारींतल्या रात्रीं तेथें पारा शून्याखालीं वीस अंशांपर्यंत जातो. उन्हाळ्यांत कोणीहि जातो, हिंवाळ्यांत जाण्यांतच खरी मौज आहे, असें त्याचें म्हणणें. माझी बहीण घाबरली होती. परंतु तिनें त्यास नाहीं म्हटलें नाहीं. "मामाला विचार," एवढेंच ती म्हणाली. जो नकार देण्याचें धैर्य घरांत कोणास होत नाहीं तो मामाच्या तोंडून देवविण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे.

नकाराची तयारी करूनच मी बसलों होतों. मीं त्यास बर्फाचें गणित सांगितलें. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाकाच्या रबराची जी पकड असते, तिच्या मानानें बर्फावरची पकड सातव्या हिश्शाच्या आसपास भरते. ताशी ४० किलोमीटर वेगानें जाणारें वाहन कोरड्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून सुमारें ९ मीटरांत थांबूं शकतें. तेंच बर्फावर ६० मीटरांहून अधिक घसरत जातें. चार चाकांची गाडी घसरली तरी उभी असते; दोन चाकांची गाडी उभी राहते तीच मुळीं चाकांच्या पकडीवर. वळणावर अंग कलतें करून तोल सांभाळावयाचा तो त्या पकडीच्या भरंवशावर. ती गेली कीं चाक बाजूस निसटतें आणि स्वार सांवरण्यापूर्वींच जमिनीवर येतो. त्यांतून हा शत्रु डोळ्यांस दिसत नाहीं. दिवसां उन्हानें वितळलेलें पाणी डोंगरावरून रस्त्यावर वाहतें, रात्रीं तें गोठतें, आणि सकाळीं त्याचा पातळ पारदर्शक थर खालच्या डांबराच्याच रंगाचा दिसतो. पाहणाऱ्यास वाटतें कीं, रस्ता नुसता ओला आहे. पुलास वरून आणि खालून गार वारा लागतो, म्हणून तेथें हा थर इतर रस्त्याच्या आधीं धरतो. शिवाय वेगाचा वारा निराळाच. हवेचें तपमान ४ अंश असतांना ताशी ६० किलोमीटर वेगानें गेल्यास उघड्या कातडीस तें शून्याखालीं ३ अंशांइतकें जाणवतें. मग हवाच शून्याखालीं वीस अंश असेल तर काय होईल? ज्या बोटांनीं ब्रेक हळुवार दाबावयाचा, तीं बोटेंच आपलीं राहत नाहींत.

भाच्यानें सारें शांतपणें ऐकून घेतलें. मग तो म्हणाला, "मामा, हें सगळें मी वाचलें आहे. पण आपल्या दारीं पहांटे पांचला दूध घालणारा माणूस मोटारसायकलीवरच येतो ना? दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, डोक्याला नुसता मफलर, आणि समोर दहा हातांवरचें दिसूं नये असें धुकें. त्याला तुम्हीं कधीं अडवलें आहे? तो चार पैशांसाठीं जीव धोक्यांत घालतो तें तुम्हांला चालतें. मी आनंदासाठीं घालतों तें चालत नाहीं. हा कुठला न्याय?"

मला तत्काळ उत्तर सुचलें नाहीं, हें मी कबूल करतों. दूध मात्र त्या दिवशींहि वेळेवर आलें होतें, आणि त्याचाच चहा आम्हां दोघांपुढें होता.

प्रथमदर्शनीं जें उत्तर सुचतें तें असें कीं, दूधवाल्याचा धोका गरजेचा आहे आणि तुझा हौसेचा आहे; गरज क्षम्य, हौस अक्षम्य. परंतु हें उत्तर फार वेळ टिकत नाहीं. हौस हा शब्द आपण तुच्छतेनें उच्चारतों. पण पोटाची गरज नसतां पत्करलेल्या धोक्यांनींच माणसाच्या ज्ञानाच्या आणि अनुभवाच्या सीमा पुष्कळदां रुंदावल्या आहेत. १९५३ सालीं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोंचलेल्या हिलरीस तेथें पोटाचें असें कोणतें काम होतें? आणि त्याच चढणीवर त्या मोहिमेचें ओझें वाहणारे शेरपा मजुरीसाठीं चढत होते. डोंगर तोच, बर्फ तोच. एकाचा धोका इतिहासांत गेला, दुसऱ्याचा हिशेबाच्या वहींत गेला. गरजेनें धोका क्षम्य होतो असें म्हणतांना आपण कोणास क्षमा करीत असतों? दूधवाल्यानें तर कांहींच अपराध केलेला नाहीं. बारकाईनें पाहिलें तर ती क्षमा आपण स्वतःसच करून घेत असतों.

दुसरें उत्तर स्वातंत्र्याचें. ज्याचा जीव, त्याचा निर्णय. आगरकरांच्या पिढीनें ज्याचे ग्रंथ आवडीनें वाचले, त्या जॉन स्टुअर्ट मिल्लनें १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यावरील निबंधांत एक दृष्टान्त दिला आहे. एखादा मनुष्य धोक्याच्या पुलावर पाऊल ठेवीत आहे आणि त्यास सावध करण्यास अवधि नाहीं. अशा वेळीं त्यास धरून मागें ओढलें, तर त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाहीं. कारण नदींत पडण्याची त्याची इच्छाच नाहीं. परंतु अनर्थ निश्चित नसून केवळ संभवनीय असेल आणि त्या मनुष्यास त्याची जाणीव असेल, तर त्यास सावध करावें, अडवूं नये. या न्यायानें पाहतां माझें काम बर्फाचें गणित सांगितल्याबरोबर संपलें होतें.

पण ज्याचा जीव त्याचा, हें तरी कितपत खरें आहे? २०२२ सालीं या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. त्यांपैकीं सुमारें पंचेचाळीस टक्के दुचाकीवरचीं होतीं. यांतील प्रत्येक आंकड्यामागें एक घर आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानें दुचाकीस्वारास हेल्मेट सक्तीचें केलें, तेव्हां आपल्या राज्यानें मिल्लचें म्हणणें पुरतें मान्य केलेलें नाहीं, हें उघड आहे. भाचा बर्फावर पडला तर त्यास उचलण्यास कोणी तरी जाणारच. सीमा सडक संघटनेचे मजूर, मागून येणारा ट्रकवाला, गांवांतील एखादा गृहस्थ. त्यांचाहि जीव मग त्याच बर्फावर येतो. आणि येथें नागपुरांत त्याची आई. तथापि हा मुद्दाहि फार ताणूं नये. आईचे अश्रु हें प्रमाण मानलें तर कोणी सैन्यांत जाणार नाहीं, समुद्रावर जाणार नाहीं, तापाच्या सांथींत रोग्याच्या उशाशीं बसणार नाहीं. आपल्या प्रत्येक कृत्याची झळ कोणास तरी लागतेच. तेवढ्यावरून कृत्य त्याज्य ठरत नाहीं.

मग रेषा ओढावी कोठें? येथें मला आपल्याच भाषेंतील एका शब्दाचा उपयोग झाला. 'साहस' हा शब्द आज आपण गौरवानें वापरतों. परंतु धर्मशास्त्रांत तें एका अपराधाचें नांव आहे. मनुस्मृतींत व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत चोरीच्या शेजारींच साहस येतें. 'सहस्' म्हणजे बळ. बळाच्या धुंदींत, परिणामाची आणि दुसऱ्याची पर्वा न करितां केलेलें कृत्य तें साहस. दंडाच्या प्रतींसहि तेंच नांव पडलें: प्रथम साहस अडीचशें पण, मध्यम साहस पांचशें, उत्तम साहस हजार. जो शब्द एके काळीं दंडास पात्र होता, तोच पुढें पारितोषिकास पात्र झाला. मला वाटतें, हे दोन्ही अर्थ त्या शब्दांत अद्यापि नांदत आहेत, आणि प्रत्येक साहसी माणसाच्या ठिकाणींहि नांदत असतात. ॲरिस्टॉटलनें शौर्य हें भीरुता आणि अविचार यांच्या मधलें म्हटलें आहे. तें यथार्थ आहे. पण रस्त्यावरच्या माणसास तो मध्यबिंदु सांपडावा कसा?

विचार करतां करतां माझें लक्ष पुन्हां बर्फाकडेच गेलें. बर्फावर मोटारसायकल चालविणारे जाणकार सांगतात कीं, तेथें माणसाची उपजत बुद्धिच त्याचा घात करते. चाक सरकल्याबरोबर हात ब्रेककडे धांवतो, आणि तो जोरानें दाबणें हाच पडण्याचा हमखास उपाय आहे. एकदम वळतां येत नाहीं, एकदम थांबतां येत नाहीं. कौशल्य असलें तरी तें धरणार कशास? रस्ताच हातांत हात देत नाहीं. म्हणून जें कांहीं ठरवावयाचें, तें बर्फ लागण्यापूर्वीं ठरवावें लागतें. वेग आधीं कमी करावा. निघण्याची वेळ आधीं लांबणीवर टाकावी. परत फिरावयाचें तर अलीकडेच फिरावें. बर्फावर आल्यावर विवेकास करण्यासारखें फारसें कांहीं उरत नाहीं.

मला वाटतें, साहसाच्या दोन अर्थांमधील रेषा येथेंच आहे. परत फिरण्याची मोकळीक जोंवर शिल्लक आहे, तोंवर धोका पत्करणें हें माणसाच्या स्वातंत्र्याचें लक्षण होय. ती मोकळीक गेली कीं तोच मनुष्य कितीहि धीट दिसला तरी धोक्याचा गुलाम झालेला असतो. आणि ही मोकळीक केवळ घसरड्या रस्त्यावरच जाते असें नाहीं. पुष्कळदां ती घरून निघतांनाच गेलेली असते. चार जणांत बोलून दाखविलेला निश्चय, खर्च झालेले पैसे, सोबत्यांच्या हंसण्याची धास्ती, तेथें पोहोंचल्याचें चित्र लोकांस दाखविण्याची हांव, या साऱ्यांचा मिळून मनांत जो थर धरतो, तो रस्त्यावरच्या बर्फासारखाच पारदर्शक असतो. लडाखमधील खारदुंग ला या खिंडींत अनेक वर्षें एक फलक उभा होता. त्यावर खिंडीची उंची १८,३८० फूट लिहिलेली असे, आणि त्या फलकाशेजारीं उभें राहून आपलें चित्र काढविण्यासाठीं देशभरांतून मोटारसायकलस्वार तेथें जात. प्रत्यक्ष मोजणींत ती खिंड ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारें १७,५८० फूट भरते. मधले आठशें फूट डोंगरांत कोठेंहि नाहींत; तरी त्यांच्या ओढीनें किती जण परत फिरावयाच्या वेळीं पुढें गेले असतील, याचा विचार मनांत येतो.

आतां भाच्याच्या प्रश्नाकडे येतों. त्याच्या आणि दूधवाल्याच्या धोक्यांत फरक आहे खरा. पण तो मला प्रथम वाटला तसा नाहीं. भाच्याजवळ परत फिरण्याची मोकळीक आहे आणि ती अभिमानापायीं दवडूं नये, एवढेंच त्याचें कर्तव्य. दूधवाल्याजवळ ती मोकळीक मुळांतच नाहीं. धुकें दाट आहे म्हणून तो एक दिवस वाटेंतून घरीं गेला, तर दूध नासेल आणि दुसऱ्या दिवशीं गिऱ्हाईक तुटेल. त्याची परतीची वाट कोणीं बंद केली? ज्यांना पांच वाजतां दूध हवें असतें त्यांनीं, म्हणजे मीं. भाच्याला मी ज्या आसनावरून उपदेश करीत होतों, त्या आसनाखालीं ही गोष्ट दडलेली होती, आणि ती त्यानेंच मला दाखविली.

भाच्यास मीं नकार दिला नाहीं. मीं त्यास एवढेंच सांगितलें कीं, निघण्यापूर्वीं चौघांनीं बसून परत केव्हां फिरावयाचें तें कागदावर लिहून काढा. ऊन रस्त्यावर आल्याखेरीज गाडी काढावयाची नाहीं. गोठलेलें पाणी रस्ताभर पसरलेलें दिसलें तर उतरून पायीं पाहावयाचें. आणि चौघांपैकीं कोणीहि एकानें "मी परततों" म्हटलें, तर त्यास कारण विचारावयाचें नाहीं. तो हंसला, पण कागद लिहिला. बहिणीस माझा निर्णय आवडला नाहीं. ती आठ दिवस माझ्याशीं मोजकेंच बोलत होती, आणि तिच्या त्या मौनांत जो आरोप होता तो सर्वस्वीं अन्यायाचा होता असें मी म्हणणार नाहीं. मुलास कांहीं झालें असतें, तर माझ्या या साऱ्या तत्त्वज्ञानाची किंमत तिच्या लेखीं काय राहिली असती?

चौघे गेले. नाकोच्या पुढें एका सकाळीं ओढ्याचें पाणी रस्ताभर गोठलेलें आढळलें. भाचा आणि दुसरा एक जण तेथून परतले. उरलेले दोघे पुढें गेले आणि काझ्यास सुखरूप पोहोंचले. घरीं आल्यावर तो खिन्न होता. "त्यांना कांहीं झालें नाहीं, मामा," तो म्हणाला, "म्हणजे आम्हीं उगाच भ्यालों." मीं त्यास सांगितलें कीं, ते पोहोंचले एवढ्यावरून तुमचें परतणें चुकीचें ठरत नाहीं, ते पडले असते तर तेवढ्यावरून बरोबरहि ठरलें नसतें. निर्णयाचा बरेवाईटपणा तो घेतेवेळीं जें ठाऊक होतें, त्यावरून ठरावयाचा. त्यास हें पटलें असें दिसलें नाहीं. पुढें गेलेल्या दोघांच्या चित्रांचें कौतुक सगळीकडे चाललें होतें, आणि परतलेल्या माणसाचें चित्र कोणी काढीत नाहीं. त्या दिवशीं माझ्या बहिणीनें सांबारवडी केली आणि त्यास आग्रहानें वाढली. परत फिरल्याबद्दल त्याचा सत्कार असा तेवढाच झाला.

दूधवाल्याचें काय झालें, हेंहि सांगितलें पाहिजे. थंडीचे दिवस संपेपर्यंत धुकें निवळल्यावर, आठ वाजतां ये, असें मीं त्यास सांगितलें. त्यानें नवलानें माझ्याकडे पाहिलें. "काकाजी," तो म्हणाला, "तुमच्या एकट्याच्या घरी उशिरा येऊन काय होते? बाकीच्या घरचे लेकरं सात वाजता शाळेत जाते, त्याईले दूध कोन देईन?" मग मीं त्यास एक हेल्मेट घेऊन दिलें. त्यानें तें आदरानें घेतलें, दोन दिवस वापरलें, आणि तिसऱ्या दिवसापासून तें दुधाच्या कॅनला अडकलेलें दिसूं लागलें. धुक्यांत कांचेवर वाफ धरते, कांहीं दिसत नाहीं, असें तो म्हणाला. तेंहि खरेंच होतें.

भाच्याच्या बाबतींत मामा म्हणून मीं निकाल दिला. तो बरा होता कीं वाईट, याची चर्चा करतां येते. या दुसऱ्या बाबतींत मात्र मला निकाल देतां येत नाहीं, कारण तेथें मी न्यायाधीश नसून पक्षकार आहें. हिंवाळ्यांत पहांटे पांचच्या सुमारास ती मोटारसायकल आमच्या गल्लींत येते. माझी आजी जिला फटफटी म्हणे, त्याच जातीचा तिचा आवाज आहे. फाटकाशीं ती थांबते, दूध मापल्याचा आवाज होतो, आणि ती पुन्हां धुक्यांत निघून जाते. कोपऱ्यावरचें वळण घेऊन तिचा आवाज पुढें सरकेपर्यंत मी अंथरुणांत जागाच असतों.